‘द ट्रॅजेडी ऑफ मॅकबेथ’ : उतारवयातल्या लोभाची शोकांतिका

जोएल कोएन दिग्दर्शित ‘द ट्रॅजेडी ऑफ मॅकबेथ’ हा चित्रपट २०२१च्या अखेरीस प्रदर्शित झाला आणि जानेवारी २०२२मध्ये ॲपल टीव्हीवर आला. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’ या रूपांतरामुळे शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ या मूळ नाटकाचे कथानक मराठी रसिकाला परके नाही. पराक्रमी सरदार मॅकबेथ, ‘तू राजा होशील’ असे भाकीत करणाऱ्या चेटकिणी आणि खुनाला प्रवृत्त करणारी पत्नी यांच्यात दोषाची वाटणी कशी करायची, हा प्रश्न प्रत्येक दिग्दर्शकापुढे असतो. कोएन यांनी तो ज्या विचारपूर्वक रीतीने हाताळला आहे, त्यामुळे हा चित्रपट मला फार मोलाचा वाटतो.

डेन्झेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सिस मॅकडॉर्मंड हे दोघेही साठी ओलांडलेले कलावंत असल्याने मॅकबेथ दांपत्याचा लोभ येथे वेगळाच भासतो. मूलबाळ नसलेल्या या जोडप्याला वाट पाहण्याइतके आयुष्य उरलेले नाही, आणि राजा डंकन आपल्या मुलाला, माल्कमला, वारस म्हणून जाहीर करतो तेव्हा त्यांची अखेरची संधी हातून निसटते आहे, हे वॉशिंग्टन यांच्या चेहऱ्यावर वाचता येते.

तिन्ही चेटकिणींची भूमिका कॅथरीन हंटर या एकाच अभिनेत्रीने केली आहे. वाळूत अंग मुरडून बसलेली ही बाई घोगऱ्या आवाजात बोलते तेव्हा खरोखर भीती वाटते. तरीही ती खुनाचा शब्दसुद्धा उच्चारत नाही. तो विचार मॅकबेथच्या मनात स्वतःहून येतो. डंकनच्या दालनाकडे जाताना समोर तरंगणारी कट्यार ही दाराची मूठ असल्याचे दाखवून दिग्दर्शकाने हाच मुद्दा नेमका दृश्यरूपात आणला आहे, कारण ती मूठ धरून दार उघडणारा हात मॅकबेथचाच आहे.

पत्नीच्या प्रभावाचा प्रसंग मात्र मला अपुरा वाटला. डंकन आपला आप्त आहे, पाहुणा आहे आणि त्याने नुकताच आपला सन्मान केला आहे, हे सारे तोलून मॅकबेथ खुनाचा बेत सोडून देतो आणि पत्नीने पौरुषाला आव्हान देताच तोच बेत पुन्हा उभा करतो. शोकात्म नायकाच्या घसरणीतला हा सर्वांत नाजूक क्षण. १०५ मिनिटांच्या चित्रपटात तो इतक्या चटकन उरकतो की मन वळवले जाण्याची प्रक्रिया पुरती दिसत नाही.

मॅकबेथचा सोबती सरदार बँको याच्या खुनापासून चित्रपट पुन्हा सावरतो. हा बेत मॅकबेथ पत्नीपासून लपवून ठेवतो, म्हणजे चिथावणी देणारे कोणी जवळ नसतानाही तो मारेकरी पाठवतो. पुढे विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांची हत्या करून त्याला सत्तेच्या दृष्टीने काहीच मिळत नाही. लोभाने सुरू झालेले काम आता केवळ भीती चालवते आहे, आणि वॉशिंग्टन हा बदल आवाज न चढवता, वाढत्या थकव्यातून दाखवतात. मॅकडॉर्मंड यांच्या वाट्याला मात्र पत्नीच्या मानसिक पडझडीसाठी फारच थोडा अवकाश आला आहे.

रॉस या दुय्यम सरदाराला दिलेले महत्त्व ही कोएन यांची स्वतःची भर आहे. ॲलेक्स हॅसेल यांनी रंगवलेला हा दरबारी बँकोवरील हल्ल्याच्या वेळी तिसरा मारेकरी म्हणून हजर होतो आणि वारा फिरताच बाजू बदलतो. चेटकिणींपेक्षा अशी माणसेच सत्ताधाऱ्याभोवती अधिक असतात, म्हणून ही भर मला पूर्णपणे पटली.

ब्रूनो डेलबोनेल यांचे कृष्णधवल छायाचित्रण आणि स्टेफान डेशंट यांचे उघड्याबोडक्या भिंतींचे नेपथ्य यांना ऑस्करची नामांकने मिळाली होती, आणि ती यथायोग्यच होती. संवाद मूळ शेक्सपिरियन इंग्रजीत असल्याने उपशीर्षके सुरू ठेवावीत आणि शक्य असल्यास नाटकाचा पहिला अंक आधी वाचून घ्यावा. मोबाइलच्या पडद्यावर मात्र हा चित्रपट पाहू नये.