कूलर की एसी? आधी आपल्या गावची हवा बघा

मार्च लागला की घरोघरी हा प्रश्न निघतो आणि चर्चा थेट किमतीवर जाते. किंमत नंतर बघू. आधी दुपारच्या वेळी सावलीत एक ओला टॉवेल टाका. तासाभरात खडखडीत वाळला, तर कूलर तुमच्या कामाचा. संध्याकाळपर्यंत दमटच राहिला, तर कूलरवर एक रुपयाही घालू नका.

कूलर हवा थंड करतो ते पाण्याची वाफ करून. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता हवेतून ओढून घेतं. हवा आधीच ओली असेल, तर पाणी उडणार कुठे? मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे दुपारी पारा 44 च्या पुढे आणि आर्द्रता 15-20 टक्के, हे नेहमीचंच. अशा हवेत चांगल्या ताट्यांचा (म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या गवती जाळ्यांचा) मोठा डेझर्ट कूलर साधारण 28-30 अंशांचा झोत देतो. मुंबई-रत्नागिरीत 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रता धरली, तर झोत जेमतेम 30 अंशांचा आणि इतका ओला की अंगावरचा घाम वाळत नाही. किनारपट्टीवर छोटे ‘पर्सनल कूलर’ विकत घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते पैसे वाचवा आणि एसीसाठी साठवा. पुणे-नाशिककडे एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी कूलर छान चालतो.

आता विजेचं बघू. कूलर साधारण 200 वॅट घेतो, म्हणजे दहा तासांना दोन युनिट. दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी विदर्भातल्या उन्हात तेवढ्याच वेळात आठ-दहा युनिट सहज खातो. महिन्याला एकशे ऐंशी ते दोनशे चाळीस युनिटचा फरक पडतो. महावितरणचे दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांवर चढत जातात, त्यामुळे वरची युनिटं महागड्या दराने मोजली जातात. एसी घेतलाच, तर 26 वर ठेवून सोबत पंखा लावा. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर छोटा कूलर निभावून जातो, एसी नाही.

मात्र कूलरचा खरा खर्च पाण्याचा, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. मोठा कूलर ऐन उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. दिवसाला ऐंशी-शंभर लिटर झालं. जिथे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं किंवा टँकरची वाट बघावी लागते, तिथे हा आकडा विजेच्या बिलापेक्षा जड जातो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या बऱ्याच गावांत, आणखी एक दुखणं आहे. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. नव्या ताट्या लावल्या की पहिले काही दिवस घरभर छान वास आणि गार झोत. महिनाभरात त्याच ताट्यांवर पांढरा थर चढतो, बोटाने दाबलं तर करकर वाजतो, आणि हवा आत यायचीच कमी होते. उपाय एवढाच, की टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण सोडून द्यायचं आणि ताट्या दर उन्हाळ्यात बदलायच्या. टाकी आठवड्यातून एकदा घासूनच काढा. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली ओली हवा निघायला वाटही. म्हणजे तो खिडकीबाहेर अँगलवर बसवायचा आणि समोरचं दार किलकिलं ठेवायचं. फ्लॅटला अशी खिडकीच नसेल, तर विदर्भातही एसी हाच मार्ग.

रोहिणी सरून मृगाचा पहिला पाऊस पडला की कूलर चिकचिक करायला लागतो. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी अनेक जण एसी घेतात. मला ते पटत नाही. तेव्हा पंप बंद करून नुसता कूलरचा पंखा लावला तरी बहुतेक घरांचं भागतं. मात्र घरात तान्हं बाळ, हृदयरोगी किंवा वयस्कर माणूस असेल, तर ऐपतीप्रमाणे एका खोलीत एसी जरूर बसवा. 40 अंशांच्या वर नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो, त्यांना त्यावर ठेवू नका.

वरच्या मजल्यावर राहत असाल, तर दोन्हींच्या आधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. खर्च थोडा, आणि नंतर जे घ्याल ते लहान घेतलं तरी पुरतं.

लोखंडी बॉडीचा कूलर घेणार असाल, तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि तीन पिनचाच प्लग वापरा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. पाणी भरायच्या आधी बटन बंद करून प्लग काढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.