टेट ब्रिटनमधली टर्नरची वादळं: लंडनला असाल तर अर्धा दिवस काढाच

लंडनला आलेली आपली मंडळी मादाम तुसाँ, लंडन आय करून परत जातात, टेट ब्रिटन हे चित्रांचं म्युझियम कुणाच्या लिस्टमधेच नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. वादळी आभाळ रंगवावं ते टर्नर या इंग्रज चित्रकारानेच, आणि त्याच्या कामाचा सगळ्यात मोठा साठा इथे क्लोर गॅलरीत आहे. १८५१ मधे तो गेला, मृत्युपत्रावरून कोर्टकचेरी झाली आणि १८५६ मधे जवळजवळ ३०० ऑइल पेंटिंग्ज न हजारो स्केचेस देशाच्या पदरात पडली. बघायला एक पैसा लागत नाही.

आधी हॅनिबलचं चित्र गाठा. १८१२ चं, रोमवर चालून निघालेल्या कार्थेजच्या सेनापती हॅनिबलचं सैन्य आल्प्स ओलांडतंय आणि हिमवादळाने गाठलंय, रुंदी सव्वादोन मीटरच्या वर. हॅनिबल स्वतः काही केल्या सापडत नाही, पार लांब एक इवलासा हत्ती सोंड वर करून दिसतो तेवढाच, बाकी सगळं काळ्या ढगाचं वेटोळं आणि त्यातून डोकावणारा पिवळट सूर्य, माणसं बिचारी खाली तळाशी. आणि गंमत म्हणजे हे आभाळ आल्प्सचं नाहीच! १८१० मधे यॉर्कशरला फार्न्ली हॉलमधे मित्राकडे असताना वादळ आलं, याने ते पत्राच्या पाठीवर भराभर उतरवलं आणि मित्राच्या मुलाला सांगितलं की दोन वर्षांनी हेच बघशील, नाव असेल हॅनिबल. प्रदर्शनात हे चित्र खालीच लावा म्हणून टर्नर हटून बसला होता, जवळ जाऊन उभे राहा म्हणजे का ते कळेल, सगळं आभाळ डोक्यावर येतं.

मग टर्नरचंच १८४२ चं चित्र, हिमवादळातली आगबोट. समुद्र कुठे संपतो, ढग कुठे सुरू होतो आणि धूर कुठला, काही म्हणजे काही कळत नाही, मधे फक्त वाकलेली डोलकाठी. तेव्हा लोकांनी साबणाचा फेस म्हणून हिणवलं होतं. टर्नर म्हणायचा की मी डोलकाठीला चार तास बांधून घेतलं होतं, अभ्यासकांना ते फारसं पटत नाही, पण चित्र बघताना मला तरी पटतं.

टर्नरच्याच काळातला दुसरा इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल, त्यालाही सोडू नका. १८२१-२२ मधे लंडनच्या हॅम्पस्टेडला बसून नुसते ढग रंगवायचा आणि मागे तारीख, वेळ, वारा लिहून ठेवायचा. अभ्यास म्हणून जबरदस्त, पण अंगावर काटा टर्नरच आणतो.

पेड टूर घेऊ नका असं माझं मत, मी एकीची घेतली होती (नाव नको), हॅनिबलसमोर दोन मिनिटं थांबवलं नाही. पिमलिको स्टेशनवरून चालत जा, शक्यतो वीकडेला सकाळी. चित्रं अधूनमधून बाहेरगावी प्रदर्शनाला जातात, तेव्हा वेबसाइटवर आधी चेक करा. आणि टर्नरचं पावसातल्या रेल्वेचं ते प्रसिद्ध चित्र इथे शोधू नका, ते ट्रफाल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत आहे, तिथेही एंट्री फ्री.