पडताळणीची चौकी: कंपनीची की स्वतःची?

लहान संकेतस्थळ चालवणाऱ्यांना अलीकडे हा प्रश्न टाळता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर, म्हणजे आपोआप पाने उघडणारे प्रोग्रॅम, मध्यरात्रीनंतर येतात, कॅटलॉगचे एकेक पान पुन्हा पुन्हा मागतात आणि सकाळी कारखानदाराचा फोन येतो की साइट उघडत नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातील काही फाउंड्री आणि मशीनशॉपची संकेतस्थळे सांभाळतो. दाराशी राखण हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. येणारा माणूस आहे की यंत्र हे तपासणारी एखाद्या मोठ्या कंपनीची तयार पडताळणी बसवायची की अनुबिससारखे मुक्तस्रोत साधन आपल्याच सर्व्हरवर चालवायचे, एवढेच ठरवायचे असते. मी आठ महिने पहिला मार्ग वापरला आणि नंतर दुसऱ्यावर आलो, त्यामुळे पुढचे सारे या अनुभवातून आलेले आहे असे समजूनच वाचावे.

कंपनीच्या सेवेचे गुण आधी मान्य केले पाहिजेत. ती बसवायला अर्धा तास पुरतो, लहान साइटला बहुधा पैसे पडत नाहीत आणि खरोखरच मोठा हल्ला झाला तर तो आपल्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधी त्यांच्या जाळ्यातच अडतो. हे शेवटचे काम अनुबिसला जमणार नाही. ज्यांच्या साइटवर असे हल्ले होतात त्यांनी माझ्या पसंतीकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.

माझा निर्णय मात्र एका हिशेबनिसांच्या टेबलापाशी झाला. शिरोली एमआयडीसीतील एका जुन्या गिऱ्हाईक कंपनीतील हे काका आमच्या एका फाउंड्रीच्या साइटवरून सुट्या भागांची मागणी नोंदवत असत. त्यांच्या संगणकावर विंडोज ७ आहे आणि तो बदलता येत नाही, कारण त्यांचे जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावरच चालते. क्रोमने विंडोज ७ ची साथ १०९ व्या आवृत्तीनंतर, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीलाच सोडली. काका पेल मून नावाचा छोट्या चमूचा ब्राउझर वापरतात, जो तिथे अजूनही नव्या सुरक्षा-दुरुस्त्यांसह चालतो. एके दिवशी त्यांचा फोन आला, "फिरतंय, फिरतंय आणि परत तिथंच येतंय." मी जाऊन शेजारी बसलो. कंपनीच्या पडताळणीच्या चौकटीत खूण उमटायची, गोल चक्र फिरायचे, पान क्षणभर पांढरे व्हायचे आणि तीच चौकट पुन्हा समोर यायची. भिंतीवरच्या घड्याळात मी सात मिनिटे मोजली. शेवटी काकांनी वहीचे पान फाडून मागणी त्यावर लिहून दिली, आणि ते पान खिशात घालून परत येताना मला माझ्याच कामाची लाज वाटली.

असे का होते हे समजून घेतले पाहिजे. ही पडताळणी ब्राउझरने सांगितलेले नाव, त्याची जोडणी करण्याची पद्धत आणि जावास्क्रिप्टची (पानांत प्रोग्रॅम चालवणाऱ्या भाषेची) कोणती साधने त्यात आहेत, अशा अनेक खुणा एकत्र जुळवून पाहते. पेल मून फायरफॉक्सपासून निघाला असला तरी २०१६ पासून त्याचे गोअना हे पाने दाखवणारे इंजिन वेगळ्या वाटेने गेले आहे, त्यामुळे त्याच्या खुणा कोणत्याही ठरलेल्या साच्यात बसत नाहीत. नाव बदलून फायरफॉक्स म्हणवून घेतले तर नाव एक आणि खुणा दुसऱ्या अशी विसंगती दिसते आणि संशय उलट वाढतो. दोष एकाच बाजूचा आहे असे मी म्हणणार नाही. छोट्या चमूला वेबची नवी मानके उचलायला वेळ लागतो आणि काही वेळा पडताळणीचे पान त्याच उणिवेला अडखळते.

परंतु अशी अडचण दोन्ही बाजूंनी बोलून सुटायला हवी, आणि तिथेच मला तो चीड आणणारा अनुभव आला. मी त्या पडताळणी कंपनीला तीन वेळा लिहिले, आवृत्ती कळवली, पडद्याची चित्रे जोडली. प्रत्येक वेळी 'समर्थित ब्राउझर वापरा' एवढेच साचेबंद उत्तर आले. मोठ्यांचे सहकार्य मात्र सहज जुळते: २०२२ मध्ये ॲपलने आयफोनच्या आयओएस १६ सोबत अशी सोय आणली की उपकरणानेच पडताळणी कंपनीला विश्वासाचे टोकन द्यावे आणि माणसाला चौकट दिसूच नये. ज्याच्यामागे उपकरण बनवणारी कंपनी नाही, त्या ब्राउझरने असे टोकन आणायचे कुठून? नवे बदल लागू करण्याआधी चार स्वतंत्र ब्राउझरवर तपासून पाहणे आणि त्यांच्या विकासकांना एक चाचणीचे पान व पत्राला उत्तर देणारा माणूस देणे, एवढी माझी अपेक्षा होती, आणि ती आजही अवाजवी वाटत नाही.

अनुबिस वेगळ्या तत्त्वावर चालते. ते ब्राउझरला एक गणित घालते: उत्तराच्या सुरुवातीला ठरावीक शून्ये येईपर्यंत हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला सोळा चिन्हांच्या पद्धतीतला ठसा, काढत राहायचे. चार शून्ये मागितली तर सरासरी ६५,५३६ प्रयत्न लागतात. एका वाचकाला ते सहसा जाणवत नाही, पण हजारो पाने ओरबाडणाऱ्याला ते महाग पडते. एक शून्य वाढवले की काम सोळा पट होते, म्हणून तिथे हात आखडता ठेवावा. माझ्या जुन्या मोबाइलवर तेवढ्यासाठीही काही सेकंद थांबावे लागते, आणि चिकाटीचा क्रॉलर गणित सोडवून आत येऊ शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय पडताळणीच्या पानावरचे कार्टून एका कारखानदाराला अजिबात रुचले नाही. ते काढू नये अशी निर्मात्यांची विनंती आहे आणि बदलायचे तर सशुल्क आवृत्ती घ्यावी असे ते सुचवतात.

तरीही काकांच्या संगणकावर ते पान पहिल्याच दिवशी उघडले. समजा उघडले नसते, तरी अनुबिसचा कोड सर्वांना खुला असल्यामुळे कोणती ओळ नडते हे ब्राउझरच्या विकासकाला स्वतः पाहून दुरुस्ती सुचवता आली असती, आणि जावास्क्रिप्टविना चालणारी पडताळणी निवडण्याची मुभा मलाही होतीच. माझ्या दृष्टीने हा फरक बाकी सगळ्या सोयींपेक्षा जड आहे.

स्वतःचा सर्व्हर असेल आणि तो सांभाळणारे कोणी असेल, तर मी अनुबिसकडे झुकेन. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकत्र असलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर असाल तर बहुधा कंपनीचीच सेवा घ्यावी लागेल. तेव्हा निदान ती चौकट संपूर्ण साइटच्या दाराशी न लावता केवळ चौकशीच्या फॉर्मवर लावावी आणि शेजारी कार्यालयाचा फोन नंबर ठळक छापावा.