सयाजीराव विद्यापीठाचं वातावरण: फॅकल्टी पाहा, खोली त्याहून आधी पाहा

बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ मोकळं आहे की कर्मठ, तिथे राजकारण फार चालतं का, बाहेरगावच्या मुलीचा निभाव लागेल का? महाराष्ट्रातले पालक हे नेहमी विचारतात. याला एकच उत्तर नाही, कारण फॅकल्टी, म्हणजे विद्याशाखा, बदलली की हवा बदलते. कलाभवनातलं इंजिनिअरिंग, सूरसागरकाठची परफॉर्मिंग आर्ट्स, घुमटाखालची आर्ट्स आणि प्रचंड गर्दीची कॉमर्स या चार वेगळ्या दुनिया आहेत. तिथल्या मुलांची एकमेकांशी गाठही क्वचित पडते. म्हणून हा अभिप्राय सबंध विद्यापीठाला एका मापाने मोजत नाही.

आधी राजकारण. अभाविप आणि काँग्रेसची एनएसयूआय या विद्यार्थी संघटना इथे आहेत, पण रोजच्या व्यवहारात स्थानिक विद्यार्थी गटांचा वावर जास्त जाणवतो. विचारसरणीपेक्षा त्यांचं लक्ष प्रवेश, जागा, फी, निकाल आणि हजेरी यांवर असतं. प्रवेशाच्या दिवसांत हेच गट मदतीची टेबलं मांडतात. मदत खरी असते, ती जरूर घ्यावी. मात्र तिथे दिलेला मोबाईल नंबर पुढे प्रचारासाठी वापरला जातो आणि पहिल्याच आठवड्यात मूल एखाद्या गटाच्या नावावर जमा होतं. फॉर्म भरायला मदत घ्या, नंबर पालकांचा द्या.

विद्यार्थी संघाच्या निवडणुकीबद्दल नेमकं विचारा: शेवटची कोणत्या वर्षी झाली आणि आज निवडून आलेला प्रतिनिधी कोण? लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या. त्यांत उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांपर्यंत, छापील पोस्टरला बंदी आणि किमान 75 टक्के हजेरी अशा अटी आहेत. भिंतींवर छापील चेहरेच चेहरे दिसले तर नियम पाळून घेणारं कुणी नाही, एवढं कळतं. गुजरातच्या 2023च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सेनेट आणि सिंडिकेट ही विद्यापीठाची कारभारी मंडळं गेली. पूर्वी तक्रार घेऊन सेनेट सदस्याकडे जाता येई, आता डीनच्या, म्हणजे फॅकल्टीच्या प्रमुखाच्या, कार्यालयापासूनच सुरुवात करावी लागते. त्यामुळे डीन मुलांना भेटतात का, किती वाजता भेटतात, हा प्रश्न पूर्वीपेक्षा मोठा झाला आहे.

फाइन आर्ट्सबद्दल सविस्तर सांगायला हवं. 1950 साली सुरू झालेली ही फॅकल्टी देशभर नावाजलेली आहे आणि विद्यापीठातलं सर्वांत मोकळं आवारही हेच. तरीही मे 2007 मध्ये वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या कामांवरून बाहेरचे लोक आत शिरले, एका विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याची बाजू घेणाऱ्या डीनना निलंबित करण्यात आलं. 2022 मध्येही परीक्षेच्या प्रदर्शनावरून वाद पेटला आणि एका विद्यार्थ्यावर कारवाई झाली. अशा वेळी आतली मोकळीक कामी येत नाही. ती शिक्षक आणि मुलांमधली असते, दाराबाहेर तिला संरक्षण नसतं. म्हणून प्रवेशाआधी विचारा: परीक्षेची मांडणी बाहेरच्यांना खुली असते का, कामं आधी कोण पाहतं, आक्षेप आला तर लेखी निर्णय कोण देतं? देव, देह किंवा सत्ता हा ज्याच्या कामाचा विषय आहे, त्याला या उत्तरांवाचून पाठवू नये.

भेट जुलै-ऑगस्टमध्ये, कामाच्या दिवशी, अकराच्या सुमारास द्या. नवरात्रात गेलात तर गरब्याचं झगमगतं बडोदं दिसेल, वर्गातलं नाही. परीक्षेच्या काळात सगळीच आवारं सारखी गंभीर दिसतात. नोटिस बोर्ड नीट वाचा. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं लावलेली आहेत का? यूजीसीच्या 2015च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याशी संबंधित प्रकरणात या समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात. ते कोण, हे मुलींनाच विचारा. कुणालाच ठाऊक नसेल तर समिती कागदावरच आहे. रॅगिंगची हेल्पलाइन 1800-180-5522 फोनमध्ये साठवून ठेवा. वार्षिक अहवालात पाहुण्या वक्त्यांची यादी असते, तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. एकाच विचाराची माणसं पुन्हा पुन्हा येत असतील तर ते लपत नाही.

भाषेचं फार भय नको. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी, कॅन्टीन आणि कार्यालय गुजराती. दांडिया बाजार, रावपुऱ्यात मराठी ऐकू येतं आणि गणपतीत तर घरची आठवण कमी येते.

खरी परीक्षा खोलीची. मूल वर्गात पाच तास असतं, उरलेले एकोणीस घरमालकाच्या नियमांत. निजामपुरा, सयाजीगंज भागांत खोल्या मिळतात, पण पहिला प्रश्न बहुधा आडनावाचा आणि दुसरा खाण्याचा. हे मराठी घरमालकांनाही लागू आहे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. फतेगंज हा जुन्या लष्करी छावणीचा (कॅम्पचा) भाग, तिथे तुलनेने मोकळीक आहे. मुस्लिम किंवा दलित विद्यार्थ्याला फोनवर रिकामी असलेली खोली प्रत्यक्ष गेल्यावर 'गेली' असं ऐकावं लागतं. बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी 1917 साली आलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले. ती बाग आर्ट्स फॅकल्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात, आणि खोलीचा प्रश्न आजही मिटलेला नाही.

म्हणून फोनवरच पूर्ण नाव सांगा, आवाज बदलला तर पुढे जाऊ नका. अकरा महिन्यांचा लेखी करार मागा. रात्री दार किती वाजता बंद होतं, मित्रमैत्रिणी येऊ शकतात का, विजेचं मीटर वेगळं आहे का आणि डिपॉझिटमधून काय कापतात, हे त्यातच लिहून घ्या. हॉस्टेलचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापासून वेगळा असतो. तो राहिला म्हणूनच अनेकांवर खोली शोधण्याची पाळी येते.

आमचं मत: फाइन आर्ट्स, परफॉर्मिंग आर्ट्स आणि आर्ट्समध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुलाला सोबती मिळतील. कॉमर्समध्ये गर्दी इतकी की स्वतःहून पुढे न होणारं मूल एकटं पडतं, आणि 2024च्या प्रवेशजागांच्या आंदोलनापासून स्थानिक विरुद्ध बाहेरचे हा ताणही तिथे आहे. इंजिनिअरिंगमध्ये राजकारण कमी, अभ्यास जास्त. हॉस्टेल मिळत नसेल आणि आडनावामुळे खोली अडणार असेल, तर फी भरण्याआधी करार हातात असू द्या. इंजिनिअरिंग सोडून बहुतेक प्रवेश अर्ज आता जीकॅस या गुजरातच्या सामायिक प्रवेश पोर्टलवरून होतात. कागदपत्रं तपासायला विद्यापीठात जाल, त्याच फेरीत खोल्याही पाहून घ्या.