घरात दहापैकी नऊ गुण, रस्त्यावर तीन : मदतनीस कुत्रीसोबतचे आठ-नऊ महिने

व्हीलचेअरवरच्या माणसाला कुत्रा कशाला, असं सोलापुरात कोणी ना कोणी विचारतंच. खाली पडलेल्या वस्तूंसाठी, हे माझं उत्तर. वाकून उचलायला गेलं की तोल जातो, आणि घरी एकटा असताना फोनच हातातून पडला तर हाक कोणाला मारणार? आमची लॅब्रॅडॉर शेंगी फोन, किल्ल्या, रिमोट उचलून मांडीवर आणून ठेवते. गुळगुळीत फरशीवरचं नाणं मात्र तिला अजून जमत नाही.

शिकवणी उलट्या क्रमानं झाली. बाहेरगावाहून येणाऱ्या प्रशिक्षकानं आधी फक्त 'दे' शिकवलं, म्हणजे तोंडातली वस्तू माझ्या हातात सोडणं. मग धरून ठेवणं, आणि उचलणं सगळ्यात शेवटी. आधीच उचलायला शिकवलं तर कुत्रा वस्तू घेऊन पळतो, आणि आपण काय त्याच्यामागे धावणार! फ्रिजच्या मुठीला जुन्या चादरीची पट्टी बांधली. ओढाओढीचा खेळ खेळता खेळता ती दार उघडायला लागली. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "ही तर सुनेपेक्षा ऐकतीय की ओ!" सून तिथंच उभी होती.

बक्षीस म्हणजे उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. शेंगाचटणीचा कणही नाही, लसूण कुत्र्यांना विषारी असतो. आमच्याकडं चटणीशिवाय ताट होत नाही, म्हणून 'सोड' हा हुकूम सगळ्यात जास्त घोटवून घेतला.

बाहेरचं गणित अवघड. विजापूर रोडकडच्या आमच्या भागात गल्लीगल्लीत भटक्या कुत्र्यांची हद्द ठरलेली. ती भुंकत आली की शेंगी खुर्चीला चिकटते आणि पट्टा चाकात अडकतो. त्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नसेल, तर तिचे पंजेही भाजणारच. एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटेच फिरलो. नवी पेठेत एका दुकानदारानं पायरीवरच अडवलं. शेजारच्यानं न मागता पाणी ठेवलं.

उठताना कुत्र्याच्या पाठीवर भार द्या, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचे आजार नेहमीचे. घेण्याआधी खुब्याचा एक्स-रे काढा, रेबीजची लस चुकवू नका. आणि कोणी 'तयार कुत्रा' विकत असेल, तर पैसे देण्याआधी त्याला तुमच्या घरात, तुमच्याच खुर्चीजवळ काम करून दाखवायला सांगा.