तार आतून पांढरी होती आणि टॉर्च माझ्याच हातात होता

होम थिएटर जोडायला आलेल्या माणसाने मला फसवलं, त्याचे आधी आकडे लिहिते. रोख ७,१०० रुपये. यूपीआयने एकदा १०,००० आणि एकदा ९,५००. झाले २६,६००. वर मुलाने घेतलेला ४६,९९० रुपयांचा रिसिव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा मुख्य डबा, जो त्या माणसाने माझ्या दारातून उचलून नेला. एकूण ७३,५९० रुपये. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला ही रक्कम लिहितानाही हात जड होतो, पण लिहायचं ठरवलंय.

असले लोक कसे फसवतात ते तुम्हाला माहीत आहे. व्हिजिट स्वस्तात, मग सामान महाग, मग अचानक काहीतरी 'जळतं', मग वस्तू दुरुस्तीला जाते आणि फोन बंद. मलाही माहीत होतं. शेजारच्या वहिनींचं वॉशिंग मशीन असंच गेलं तेव्हा मीच त्यांना चार गोष्टी ऐकवल्या होत्या. त्या आता मला काही बोलत नाहीत, हे जास्त लागतं.

आमचं घर रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आत खाडीच्या बाजूला. ह्यांची बायपास झाल्यापासून बाहेर जाणं जवळजवळ बंद आहे. नाट्यसंगीत आणि क्रिकेट, एवढ्यावर दिवस काढतात. म्हणून मुलाने दिवाळीत पुण्याहून ५.१ चा होम थिएटर सेट आणला: रिसिव्हर, पुढचे दोन स्पीकर, मधला सेंटर, मागचे दोन आणि खोल, घुमणाऱ्या आवाजाचा सबवूफर. खोक्यात स्पीकरची वायर नव्हती. ती अशा सेटबरोबर बहुतेक येतच नाही, वेगळी घ्यावी लागते. त्याची रजा संपली, घाटात गाड्या अडकल्याच्या बातम्या होत्या, तो भाऊबीजेच्या रात्रीच निघाला. "आई, कुणाकडून तरी जोडून घे, तासाभराचं काम आहे," म्हणाला. इथे असं काम करणारा कोण मिळतो? डिश बसवणारे मिळतात, त्यांना हे येत नाही. मी मोबाईलवर शोधलं. 'संपूर्ण कोकणात होम थिएटर फिटिंग, कंपनी ट्रेन्ड' अशी जाहिरात होती, खाली पन्नासेक लोकांनी छान छान लिहिलं होतं. त्यावर विश्वास ठेवला यात माझं काय चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या शनिवारी तो आला. तिशीचा असेल, स्वच्छ कपडे, बोलणं गोड. दारात 'मॅडम', चहा झाल्यावर 'काकू', पैसे द्यायच्या वेळेला 'आई'. व्हिजिट आणि फिटिंगचे २,५००. 'ऑक्सिजन फ्री कॉपर', म्हणजे शुद्ध तांब्याची, वायर १४० रुपये मीटरने ६० मीटर, म्हणजे ८,४००. टीव्ही आणि रिसिव्हर जोडायच्या, '८के' लिहिलेल्या दोन एचडीएमआय केबल प्रत्येकी २,२००, म्हणजे ४,४००. वायरच्या टोकांना बसवायच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या बनाना प्लगच्या १० जोड्या प्रत्येकी १८०, म्हणजे १,८००. झाले १७,१००. बिल मागितलं तर "व्हॉट्सॲपवर टाकतो."

वायर किती लागली ते मी नंतर शिवणाच्या टेपने मोजलं. पुढचे दोन तीन-तीन मीटर, सेंटरला दोन, मागच्या दोघांना भिंतीकडेने नऊ-नऊ. २६ मीटर. उरलेल्या ३४ मीटरचे ४,७६० रुपये कशाचे घेतले? घरात वायरचा वीतभर तुकडाही उरलेला नव्हता. मोजून घ्या. सामान भिंतीला लागायच्या आधी, तुमच्यासमोर.

बनाना प्लगचे पैसे घेतले आणि प्लग लावलेच नाहीत. "पुढच्या फेरीला आणतो आई, आता नुसती वायर खोचतो, आवाजात काही फरक नाही." फरक नाही हे खरंच आहे. पण प्लग असता तर वायरची टोकं आत बंद राहतात, पुढचं सगळं घडलं नसतं.

आता तो क्षण. रोज रात्री मी हा पुन्हा बघते.

ह्यांच्या खुर्चीच्या मागे डाव्या कोपऱ्यात वरच्या फळीवर मागचा स्पीकर आहे. तिथे उजेड नाही. तो स्टुलावर चढला, मी खाली टॉर्च धरून उभी. त्याने दातांनी वायरचं प्लास्टिक ओढलं. आतल्या केसासारख्या तारा वरून तांबूस, पण जिथे कापल्या होत्या तिथे प्रत्येक टोकावर एक पांढरा ठिपका, जसा माशाचा खवला चमकतो तसा. मी म्हटलं, "अहो, ही आतून पांढरी का दिसतेय?" तो म्हणाला, "काकू, टिन कोटिंग आहे. खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून. बोटींना हीच वापरतात."

आणि मी गप्प बसले, कारण बोटींना टिन केलेली वायर वापरतात हे मला ठाऊक होतं. माझ्या भावाची मिरकरवाड्याला लाँच आहे. ती वायर मी शंभरदा पाहिली आहे. ती बाहेरून पांढरी असते आणि आतून तांबडी! मुलामा वर असतो, आत तांबं. ही बरोबर उलटी होती. वरून तांब्याचा पातळ पापुद्रा आणि आत ॲल्युमिनियम. बाजारात याला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साधारण ६० टक्केच वाहते, खाऱ्या दमट हवेत त्याची टोकं लवकर खराब होतात, आणि दोनदा वाकवली की तार तुटते. पण घरातल्या नऊ मीटरला आवाज येतो, म्हणून कुणाला कळत नाही. त्याच्या खोटेपणात खऱ्याचा एक तुकडा होता आणि तो नेमका माझ्या माहितीतला होता, म्हणून मी अडकले. ब्लेडने एक तार खरवडा. आतपर्यंत तांबडी निघाली तरच पैसे द्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तर १७,१०० वर निभावलं असतं. त्याने ती वायर लाल आणि काळ्या खाचेत खोचली तेव्हा दोन-तीन तारा तुटून बाहेर राहिल्या. एक तार लाल खाचेतून निघून काळीला टेकली होती. टॉर्चच्या उजेडात मला ती स्पष्ट दिसली. मी म्हणणार होते, तेवढ्यात ह्यांना खोकल्याची उबळ आली आणि मी पाणी आणायला गेले.

परत आले तर तो खाली उतरून रिसिव्हर चालू करत होता. आतून 'टक्' आवाज झाला, आवाज यायच्या आतच बंद, समोरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा चालू, पुन्हा टक्. त्याने कपाळाला हात लावला. "आई, बोर्ड गेलं. तुमच्याकडची लाईट कशी आहे बघा." आमच्याकडची लाईट कशी आहे हे सांगायला परका माणूस लागत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेलं तेव्हा वीज परत आली ती अशी आली की आमच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जळाला. ते आठवलं आणि मी मान डोलावली.

ज्यांना यातलं कळतं ते आत्तापर्यंत चिडले असतील. लाल आणि काळी एकमेकांना टेकली की शॉर्ट होतो आणि रिसिव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्याला प्रोटेक्शन म्हणतात. तो जळलेला नसतो! स्विच बंद करून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवायच्या आणि नुसता रिसिव्हर चालू करायचा. तो चालू राहिला तर दोष वायरीत आहे. दोन मिनिटांचं काम. ते त्याने केलं नाही, कारण त्याला ते माहीत होतं असं मी आज छातीठोकपणे म्हणते. डिसेंबरच्या शेवटी मुलगा मित्राचा रिसिव्हर घेऊन आला, त्याच वायरींना जोडला, तोही टक् करून बंद पडला. मुलगा स्टुलावर चढला, ती एक तार नखाने मोडली, आणि आवाज आला. उजव्या मागच्या स्पीकरला लाल-काळी उलटी जोडली होती, तीही त्याने सरळ केली. उलटी असली तर शॉर्ट होत नाही, पण दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांना खातात आणि जोर निघून जातो.

रिसिव्हर तो घेऊन गेला. "कंपनीत पाठवतो, बोर्डाचे ९,५०० आगाऊ." यूपीआय करताना स्क्रीनवर नाव आलं ते एका बाईचं. "माझी मिसेस आहे आई." मी पिन टाकला. पावती मागितली तर दिनदर्शिकेचं फाटलेलं पान घेऊन त्यावर लिहिलं: '१ नग रिसिव्हर, ८ दिवस'. सही अशी की वाचता येत नाही. आठव्या दिवशी फोन लागला, "पार्ट आला नाही." पंधराव्या दिवशी बंद. नाव न जुळणाऱ्या खात्यात पैसे टाकू नका, मग तो कितीही आई म्हणो.

एचडीएमआयबद्दल एवढंच की टीव्हीच्या मागे ज्या पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज रिसिव्हरकडे नेणारी सोय) लिहिलंय तिथून रिसिव्हरच्या एआरसीला एक साधी चांगली केबल जाते आणि काम होतं. ही सोय एचडीएमआय १.४ मध्ये, २००९ पासून आहे. ४के टीव्हीला '८के' छापलेल्या केबलने काही जास्त मिळत नाही. सेट टॉप बॉक्सबरोबर आलेली केबल माझ्या कपाटात पडून होती.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी तीन तास बाकावर, मग विचारलं, "तुम्ही स्वतःच्या हाताने दिलात ना? मग चोरी कशी?" मी म्हटलं चोरी नाही, फसवणूक. "हा देण्याघेण्याचा वाद, दिवाणीत जा." तिसऱ्या खेपेला, "ज्याच्या खात्यात पैसे गेले ते कुठलं? ते आमच्या हद्दीत नाही." दिनदर्शिकेचं पान हातात धरून एकाने दुसऱ्याला दाखवलं आणि दोघे हसले. साठी उलटलेल्या बाईसमोर हसले. शेवटी एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून कागद हातात दिला, म्हणजे तपास नाही. ह्यांना घरी एकटं ठेवून मी त्या तीन फेऱ्या केल्या होत्या. रिक्षाचेच ८४० रुपये गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

वकील भाचीने नंतर सांगितलं की भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, विश्वासाने दिलेली वस्तू लाटण्याला ३१६ आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची असते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्यायचं. हे बाकावर बसलेल्या माणसाला कुणी का सांगत नाही? कायदा शाळेत शिकवत नाहीत, आणि ज्यांना येतो ते 'दिवाणीत जा' म्हणतात. मी अधीक्षकांना अर्ज पाठवलाय, पोच आली आहे, अजून उत्तर नाही.

बँकेत वेगळं ऐकलं: "पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार?" जाहिरात जिथे होती तिथे तक्रार केली तर दोन दिवसांनी छापील उत्तर आलं, जाहिरातीत नियमभंग आढळला नाही. ती जाहिरात नाव बदलून अजून चालू आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तीही करणार आहे, पण समोरच्याचा पत्ता मागतात. माझ्याकडे फोन नंबर आहे, पत्ता नाही. पहिल्या दिवशीच त्याचं ओळखपत्र बघून फोटो काढायला हवा होता. डिश बसवणाऱ्या पोराचंही बघा, वाईट वाटून घेऊ नका. आणि पैसे गेले की तासाभरात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी १९ दिवस 'येईल, येईल' करत बसले.

रिसिव्हरचा सीरियल नंबर खोक्यावर होता, तो मुलाने कंपनीला आणि अधीक्षकांना कळवला आहे. खोकं कधीच फेकू नका, त्यावरच्या नंबरचा फोटोही काढून ठेवा. ती वस्तू पहिल्यांदा घरात आली तेव्हा मी पूजा केली होती. वरच्या जाळीवर, डाव्या कोपऱ्याला हळदीकुंकवाची दोन बोटं आहेत. जाळीच्या भोकांत कुंकू गेलेलं आहे, ते पुसून निघत नाही. कोकणात कुणाकडे काळा, जेमतेम वापरलेला रिसिव्हर स्वस्तात विकायला आला तर टॉर्च घेऊन जाळीत बघा.