मागच्या सस्पेन्शनचे बुश: रबर की पॉलियुरेथेन?

जुन्या गाडीचं मागचं अंग खड्ड्यात धडधडू लागलं, वळणावर शेपूट हलल्यासारखी वाटली, की आधी बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडांमध्ये बसणारे लवचिक गोल तुकडे, तपासा. पॉलियुरेथेन, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिक, दणकट, तेलाने सहसा फुगत नाही. पण खानापूर-चोर्ला रस्त्याचा प्रत्येक हादरा सीटपर्यंत पोचवतं आणि ग्रीस धुऊन गेलं की कुरकुरतं. रबर मऊ, शांत. बसवायला मात्र प्रेस, म्हणजे दाबून बसवायचं यंत्र, लागतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये विचारा.

रोजच्या घरच्या गाडीला मी रबरच सुचवेन. फक्त मिस्त्रींना आवर्जून सांगा, गाडी जॅकवर लटकत असताना बुशच्या मधून जाणारा बोल्ट पक्का आवळू नका. चाकांवर वजन आल्यावरच आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पॉलियुरेथेनमध्ये बोल्टभोवतीची आतली नळी मोकळी फिरते, त्यामुळे तिथे ही काळजी नाही.